मदत हवी आहे: यकृताचा कॅन्सर, बिलिरुबिन 2.4, टेस (TACE: गाठीच्या धमनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) करावं का?

मामा, वय 61, हिपॅटायटिस बी मुळे सिरोसिस. विषाणूवरची गोळी एन्टेकॅविर 0.5 मिग्रॅ रोज चालू. ट्रायफेजिक सीटीत (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला) उजव्या लोबमध्ये एकच गाठ, 4.2 सेंमी, आर्टेरियल फेजमध्ये (धमनीच्या टप्प्यात) उजळते, नंतर विझते, ही या कॅन्सरची खूण. त्यामुळे बायोप्सी केलेली नाही, सुईच्या वाटेत पेशी पसरण्याची भीतीही असते. पोर्टल व्हेन (यकृताकडे जाणारी मुख्य शीर) मोकळी, छातीचा सीटी स्वच्छ. एएफपी (या कॅन्सरचा रक्तातला मार्कर) 310.

अल्ब्युमिन 3.1, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) 1.4, पोटात थोडं पाणी (गोळ्यांवर आटोक्यात), भ्रम नाही. म्हणजे चाइल्ड-प्यू (सिरोसिस किती गंभीर ते सांगणारी मोजणी) बी, 8 गुण. प्लेटलेट 68 हजार, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँडिंग झालंय. म्हणून गाठ कापून काढायला सर्जननी नकार दिला. 3 सेंमीच्या वर असल्याने सुईने गाठ जाळायच्या नुसत्या अ‍ॅब्लेशनचा भरवसा कमी.

प्रत्यारोपणाच्या मिलान निकषात (एकच गाठ, 5 सेंमीपर्यंत) अजून बसतात, पण हातात जेमतेम 8 मिमी आहेत. घरातला दाता तपासतोय, अहवालांना वेळ लागेल. घाईचं कारण हेच.

तोवर गाठ रोखायला टेस सुचवलंय. बिलिरुबिन 2 च्या वर असताना टेसनंतर यकृत ढासळू शकतं. अशा स्थितीत फक्त गाठीच्या बारीक शाखेतून केलेलं सुपरसिलेक्टिव्ह टेस कुणाला झेपलंय का, की थेट प्रत्यारोपणाकडे जाणंच बरं?