बायपासनंतर भात-मासे घशाखाली उतरत नाहीत, काय करावं?

तिरफळ (सावंतवाडी):
वहिनींची गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्यासाठी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) होऊन अडीच महिने झाले. नेहमीचं जेवण सुरू करायला सांगितलंय, पण घरी दोन्ही वेळा भात नि माशाची कढी. चार घासांत छातीत अडकतं, तोंडाला फेस येतो, मग उलटी. पेज मात्र सरळ उतरते, म्हणून दिवसातून तीनदा पेजच. केसही गळताहेत. मासा-भात कसा द्यायचा? चतुर्थीला मोदक चालेल का?

माडाखाली:
पेज सरळ उतरते, खरी अडचण तिथेच आहे. ती जठराच्या छोट्या पिशवीत थांबत नाही, पोट भरत नाही आणि प्रथिनं नावापुरती. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात वजन झपाट्याने उतरल्यामुळेही केस गळतात, ते थांबतं. प्रथिनं नि लोह कमी पडलं तर लांबतं.

भात कढीत कालवला की न चावताच गिळला जातो, त्याचा गोळा होतो. पिशवीतून आतड्यात जायची वाट जेमतेम एक-दीड सेंटिमीटरची. म्हणून वाढण्याचा क्रम उलटा करा: आधी मासा, मग मऊ भाजी, जागा उरली तर दोन चमचे मोकळा शिजवलेला उकडा भात. सगळं मिळून अर्धी वाटी, वीस-पंचवीस मिनिटांत.

रवा लावून कडक तळलेली तुकडी नको. बांगडा कमी तिखटाच्या रसात ओला ठेवा. मधल्या काट्यावरून अंगठ्याने पाठीचं मांस सरकवलं की पाकळ्या सुटतात. प्रत्येक पाकळी बोटांत चुरून काटा लागतो का बघा. घास नखाएवढा. मोरीला (लहान शार्क) बारीक काटे नसतात, ती कुस्करून उत्तम. १०० ग्रॅम कच्च्या बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात. ओल्या बोंबलात पाणीच जास्त. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, घट्टसर कुळथाची पिठी, भिजवून खारटपणा काढलेले सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी).

जेवताना पाणी नाही, सोलकढी नाही. अर्ध्या तासाने घोट घोट, दिवसभरात दीड-दोन लिटर. घास अडकला तर पाण्याने ढकलू नका, वर जागाच नसते. उभं राहून थोडं चालायचं.

खाडीकाठ:
वरचं बरोबर, पण आधी सर्जनला दाखवा. पातळ उतरतं, घट्ट उतरत नाही आणि रोज उलटी, तीही अडीच महिन्यांनी, म्हणजे पिशवी नि आतड्याचा जोड आकसला असण्याची शक्यता आहे. दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद करतात. नुसतं चावायला सांगून हे सुटणार नाही, कृपया चतुर्थीपर्यंत थांबू नका.

उलट्या चालू असताना गावच्या दवाखान्यात नेलंत तर ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी बायपास झाल्याचं सांगा आणि थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला सांगा. ते शरीरात कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, गोंधळणं ही तातडीची लक्षणं.

गुडघे वगैरे दुखले तर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, इंजेक्शनही नको; जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपात, दिवसाचं १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० च. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब आणि चहाबरोबर कधीच नाही. बी-१२ आयुष्यभर.

तिरफळ:
उद्याच फोन करते. कोकम सरबत तरी चालेल?

माडाखाली:
साखरेचं नाही. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) पाण्यात, चिमूट मीठ-जिरं, तेही छातीत जळजळ नसेल तर. मोदकाचं तसंच: सारणातला गूळ थेट आतड्यात उतरतो, आतडं पाणी ओढून घेतं, दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात, ते वेगळं. जोड तपासून झाल्यावर, आधी मासा किंवा अंडं खाऊन, पाव मोदक, वर तूप नाही. आग्रह करणाऱ्यांना तुम्हीच आवरा, वहिनींना सगळ्यांसमोर नाही म्हणायला लावू नका.