गेट अडते तेव्हा दोष नेहमी प्रवाशाचाच कसा?

वाटसरू

‘नियमवादी’ यांनी नुकतेच असे लिहिले आहे की, रेल्वे स्थानकांवरील स्वयंचलित गेटपाशी जी गर्दी तुंबते तिला प्रवाशांची बेफिकिरी कारणीभूत असते, आणि प्रत्येकाने तिकीट आधीच हातात काढून ठेवले तर कोणालाही क्षणभरसुद्धा थांबावे लागणार नाही. हे मत वरवर पाहता पटण्यासारखे आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

गेट हे प्रवाशासाठी असते. जपानमध्ये ‘सुइका’ हे स्मार्ट कार्ड २००१ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याआधीच्या चाचण्यांत अनेक प्रवाशांना कार्ड नेमके कुठे आणि कसे धरावे हेच उमगत नव्हते. कोणी ते उभे धरत असे, कोणी भलत्याच जागी टेकवत असे, तर कोणी घाईने वरून नुसते फिरवत असे. त्या वेळी प्रवाशांना दूषणे देता आली असती, परंतु आरेखनकार शुन्जी यामानाका यांनी लोक गेटपाशी प्रत्यक्षात काय करतात ते बारकाईने पाहिले आणि कार्ड वाचणारी पट्टी प्रवाशाच्या दिशेने १३.५ अंशांनी कलती करून ती उजळवली. पट्टी कलल्याबरोबर हात आपोआप योग्य जागी थांबू लागला. लोक तेच होते, त्यांच्या सवयी त्याच होत्या, बदलले ते यंत्र. असे असताना दरवेळी प्रवाशालाच शिस्तीचे धडे का द्यावेत?

नियमवादी

आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. सुइकाचे कार्ड वाचायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१४ मध्ये बँकेची कार्डे गेटवर स्वीकारायला सुरुवात केली, तेव्हा अर्ध्या सेकंदाच्या आत व्यवहार उरकला पाहिजे अशी तिची अट होती. यंत्राला इतका कमी वेळ लागत असेल, तर उरलेला वेळ कोण घेते? गेटच्या तोंडाशी आल्यावर पिशवीत हात घालून पाकीट शोधणारा, किंवा तिथे पोहोचल्यावर मोबाईल उघडून क्यूआर कोड धुंडाळणारा प्रवासीच तो वेळ घेतो, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्याची किंमत मोजावी लागते. माझ्यापुढच्या गृहस्थांनी असाच शोध चालवल्यामुळे माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली आहे, आणि हे एकदाच घडलेले नाही. चार पावले बाजूला उभे राहून तिकीट काढा, एवढीच माझी मागणी आहे.

जोडतार

मी अशी गेटे बसवण्याच्या कामात काही वर्षे होतो, म्हणून दोघांनाही थोडे सांगतो. कार्ड वाचण्याचा वेळ आणि माणूस गेटमधून पार होण्याचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटात दोन कार्डे शेजारी असली, तर कार्ड वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही कार्डांकडून उत्तर येते. मग ते व्यवहार नाकारते, किंवा प्रवाशाच्या मनात नसलेल्याच कार्डावर भाडे घेते. क्यूआर कोडच्या बाबतीत पडद्याचा उजेड, काचेवरील ओरखडे आणि मोबाईल धरण्याचा कोन या सगळ्यांचा परिणाम होतो.

कार्ड स्वीकारले गेल्यानंतर वाटेच्या दोन्ही बाजूंच्या अवरक्त किरणांच्या रांगा प्रवाशाचा माग ठेवतात. मागून ओढत आणलेली चाकांची बॅग हा दुसरा माणूस आहे, असा त्यांचा ग्रह होऊ शकतो. हे निकष किती कडक ठेवायचे ते यंत्र ठरवत नाही, चालवणारी संस्था ठरवते. निकष कडक केले की बॅगवाले अडकतात आणि सैल केले की पाठोपाठ घुसणारे सुटतात. जपानमधील बहुतेक गेटांच्या झडपा मुळात उघड्याच असतात आणि तिकीट अवैध ठरले तरच मिटतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाला पाऊल थबकवावे लागत नाही. अडचण मुख्यतः सामानवाल्यांची असते, आणि त्यांच्यासाठी रुंद गेट असतेच.

पाऊलवाट

‘रुंद गेट असतेच’ हे शेवटचे वाक्य वाचून मला राग आला. ते असते, पण बहुधा रांगेच्या एका टोकाला एकच असते, आणि ते बिघडले तर त्याला पर्याय नसतो. मी तान्ह्या बाळाला बाळगाडीत घेऊन एका स्थानकावर उतरले, तेव्हा ते गेट बंद होते. शेजारच्या मदतीच्या बटणावरून आलेल्या आवाजाने मला तिकिटाचा क्रमांक विचारला आणि थांबायला सांगितले. पुष्कळ वेळ कोणीही आले नाही. माझे तिकीट वैध होते, भाडे भरलेले होते, आणि तरीही मी बाहेर पडू शकत नव्हते. माझ्या आधी चाकांच्या खुर्चीतील एक वृद्ध बाई तिथे थांबलेल्या होत्या. या प्रसंगात बेफिकिरी कोणाची होती, ते नियमवादींनी सांगावे.

जुना तपासनीस

ताई, आपल्याला झालेला त्रास खराच आहे, परंतु रुंद गेटाची दुसरी बाजूही ऐकून घ्या. मी तिकीट तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. रुंद गेट मिटायला अधिक वेळ घेते हे विनातिकीट प्रवाशांना नेमके ठाऊक असते, आणि ते दबा धरून बसावेत तसे तिथेच घोटाळत असतात. काठी टेकत चाललेल्या एका वयस्कर माणसाच्या पाठीला जवळजवळ चिकटून दोन धडधाकट तरुण आत शिरले, झडप मिटली ती त्या म्हाताऱ्याच्या काठीवर, आणि तोल जाऊन तो पडला. ते दोघे केव्हाच पळाले होते. गेट सैल ठेवा म्हणणाऱ्यांनी त्याची झळ कोणाला लागते याचाही विचार करावा.

नियमवादी

म्हणूनच रुंद गेट फक्त चाकांच्या खुर्चीसाठी राखून ठेवावे. हाती काहीही नसलेले लोक तिथे घुसतात, आणि बाळगाडीची तर घडी घालता येते.

पाऊलवाट

बाळ एका हातात आणि घडी घातलेली गाडी दुसऱ्या हातात घेतल्यावर कार्ड कोणत्या हाताने लावायचे, हेही आपण लिहायला हवे होते. ज्याने हे कधी केलेले नाही त्याने ते इतक्या सहज सुचवू नये. मूल अंगावर घेतलेल्या माणसाला अरुंद गेटात ढकलणे धोक्याचे आहे, कारण झडपा ज्या उंचीवर मिटतात तिथेच कडेवरच्या मुलाचे पाय लोंबत असतात. आपल्या गाड्या चुकल्या याचे दुःख मी समजू शकते, पण सर्वांनी आपल्या वेगाने चालावे हा हट्ट मला मान्य नाही.

वाटसरू

बर्लिन आणि व्हिएन्ना येथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर अशी गेटेच नाहीत. प्रवासी थेट फलाटावर जातात, तपासनीस गाडीत अधूनमधून तिकिटे पाहतात आणि विनातिकीट सापडणाऱ्याकडून दंड घेतात. तिथे ताईंची बाळगाडी अडली नसती आणि त्या वृद्ध गृहस्थांवर झडपही मिटली नसती.

जुना तपासनीस

त्या पद्धतीत गाडीत फिरणारी माणसे लागतात, आणि गेट बसवताना सर्वांत आधी तीच माणसे कमी केली जातात. शिवाय जिथे गाडीत पाय ठेवायला जागा नसते तिथे तपासनीस डब्यात शिरणार तरी कसा? लंडनने १९६४ मध्ये स्टॅमफर्ड ब्रुक स्थानकावर स्वयंचलित गेटांची चाचणी घेतली आणि जपानमध्ये १९६७ मध्ये कितासेन्री स्थानकावर ती बसवली गेली, ती प्रवाशांना छळण्यासाठी नव्हे. हाताने तिकिटे पाहून गर्दी आवरत नाही, म्हणून यंत्रे आली.

जोडतार

तपासनीस साहेबांनी माणसे कमी करण्याचा जो मुद्दा काढला आहे, त्यातच या वादाचे मूळ आहे. आग लागल्यास किंवा वीज गेल्यास झडपा उघड्या पडाव्यात अशी रचना केलेली असते, पण नेहमीच्या दिवशी अडकलेल्या माणसासाठी रचनेत माणसाखेरीज दुसरा इलाज नसतो. रुंद गेटापाशी कर्मचारी हजर असेल तर झडपेचा वेळ वाढवता येतो, कारण पाठोपाठ घुसणाऱ्यांना तो डोळ्यांनी ओळखतो. किरणांना ते जमत नाही.

नियमवादी

कर्मचारी असावा, हे मान्य करतो. बाळगाडीबद्दलचे माझे वाक्यही मागे घेतो, कारण कार्ड लावायला हात उरत नाही या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. परंतु ज्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत आणि तरीही जे गेटात उभे राहून मोबाईल उघडतात, त्यांची बाजू मी कधीही घेणार नाही.

पाऊलवाट

ती मीही घेत नाही. मात्र ‘चार पावले बाजूला उभे राहा’ असे म्हणताना, ती चार पावलांची जागा बहुतेक स्थानकांवर जिन्याच्या तोंडाशी येते आणि मागून लोंढा उतरत असतो, हेही आपण एकदा जाऊन पाहावे.