औषधाच्या ट्रायलमध्ये संमतीपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला प्रश्न विचारणं सक्तीचं करावं का?

निशिगंध:
क्लिनिकल ट्रायलचे, म्हणजे नवं औषध माणसांवर तपासून बघण्याचे, भारतातले २०१९ चे नियम सांगतात की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्या. ती समजली की नाही, हे तपासायची पद्धत मात्र घालून देत नाहीत. सहीआधी चार प्रश्न सक्तीचे करा: कोणती गोळी मिळणार हे कोण ठरवतं? ट्रायल मध्येच सोडली तर नेहमीचे उपचार चालू राहतील का? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? ट्रायल नको असेल तर दुसरा इलाज कोणता? उत्तर रुग्णाच्या शब्दांत हवं. चुकलं तर तेवढाच भाग परत समजवायचा आणि सही दुसऱ्या दिवशी घ्यायची.

बिनसाखर:
सहमत नाही. आठवड्याभरात को-ऑर्डिनेटर (ट्रायलचं रोजचं काम बघणारे) रुग्णांकडून उत्तरं घोकून घेऊ लागतील. नोव्हेंबर २०१३ मध्ये सगळ्या ट्रायलना संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं, २०१५ मध्ये ते नव्या औषधी रसायनाच्या ट्रायलमधल्या असुरक्षित गटांपुरतं (ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशांपुरतं) उरलं. कॅमेऱ्यासमोर माणूस "हो, समजलं" म्हणतो, त्यातून काय कळतं?
शिवाय २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममला मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देताना पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. तिथे मुळात सही करणारा माणूसच चुकीचा होता. तुमचे चार प्रश्न वॉर्डनने आरामात सोडवले असते.

निशिगंध:
खम्ममचा मुद्दा मान्य, पण तो वेगळा रोग आहे. मी बोलतोय ते अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपेलबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलेल्या गैरसमजाबद्दल: डॉक्टर आपल्यासाठी योग्य तेच औषध निवडतील, असं रुग्ण धरून चालतो. प्रत्यक्षात कोणत्या रुग्णाला कोणतं औषध, हा गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो आणि अनेकदा डॉक्टरलाही कळत नाही. "समजलं का?" विचारून हे बाहेर येत नाही. "तुम्हाला ही गोळी का मिळाली, असं वाटतं?" असं विचारलं की लगेच येतं.

फॉर्मवाले काका:
दोघंही कागदाकडे बघत नाही आहात. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात. अर्धे लोक सरकारी योजनेचा अर्ज समजून भरतील! वारस मृत्यूच्या भरपाईसाठी लागतो, हे तिथल्या तिथे सांगा. वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवा, अंगठा उठवायच्या वेळी वॉर्डातून धरून आणलेला नको. आणि माहितीपत्रकाची व सही झालेल्या संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात गेलीच पाहिजे. फोन नंबर त्यातच असतो.

बिनसाखर:
काका, +१. पण प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच विचारले तर रुग्ण नाही म्हणायला कचरणार. उद्या त्याच ओपीडीत यायचंय त्याला.

निशिगंध:
मग विचारणारा ट्रायलच्या टीमबाहेरचा ठेवा.

बिनसाखर:
चालेल. त्याचा पगार कोण देणार? प्रायोजक कंपनीने दिला, तर बाहेरचा कसला तो?