मदत हवी आहे: समोरच्या टॉवरचे मजले मोजायचे कसे? घरात तीन आकडे झालेत

पश्चिमखिडकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण यावरून घरात रोज वाजतं, म्हणून इथे टाकतोय.

आम्ही परळला चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकी पश्चिमेची. लहानपणी तिच्यातून गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या, आता लोअर परळ-वरळीचे टॉवर दिसतात. बहुतेक उभे राहून झाले, एक अजून चढतोय. नाव देत नाही, फुकटची जाहिरात कशाला.

आमचे नाना ७८ वर्षांचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १९८२ चा संप झाला तोपर्यंत. गेल्या दिवाळीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची हेच त्यांचं जग. समोर स्लॅब पडला, म्हणजे नव्या मजल्याचं काँक्रीट भरून झालं, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने उभी रेघ मारतात. गेल्या वर्षीचं कॅलेंडरही टाकू दिलेलं नाही, खिळ्यावर नव्याच्या मागे तसंच आहे. गिरणीत भिंग लावून कापडाच्या इंचात किती धागे बसतात ते मोजायचे. तो डोळा अजून शाबूत आहे, निदान त्यांचं म्हणणं तसं.

मी दर रविवारी त्याच खिडकीतून फोनवर एक फोटो काढतो. आज, ५ ऑक्टोबरच्या फोटोत मी मोजले ४१. नाना म्हणतात ४६. महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर या प्रकल्पाच्या पानावर स्लॅबपुढे ६२ टक्के लिहिलंय, आणि साइटच्या बोर्डावर एकूण ५८ मजले आहेत. ५८ चे ६२ टक्के म्हणजे ३६. आता धरायचं काय? विक्री कार्यालयाला फोन केला, तर पलीकडून "सर, टू बीएचके बघताय की थ्री?" एवढंच. मी म्हटलं, मजले बघतोय. फोन कट.

इथे कोणी साइटवर काम करणारं असेल तर सांगा, बाहेरून बघून मजले बरोबर मोजायचे कसे? आणि तिघांपैकी बरोबर कोण?

चहाबाज

नाना बरोबर. पुढचा प्रश्न विचारा.

सळई

मी साइटवरच असते, स्ट्रक्चरच्या कामावर. तुमचा टॉवर हा नाही, पण जवळपासचाच.

आधी एक सांगा, फोटोत सगळ्यात वर काय दिसतंय? मधोमध उंच भिंती आणि बाजूला काहीच नाही, असं असेल तर तो कोअर. लिफ्ट आणि जिने ज्यात असतात त्या भिंती. काही टॉवरमध्ये कोअर आधी वर जातो आणि स्लॅब दोन-चार मजले मागून येतात. लांबून बघणारा कोअरचे मजलेही धरतो, पण तिथे अजून उभं राहायला जमीन नाही. ते वजा करा.

कोअर पुढे दिसत नसेल, भिंती-स्लॅब एकदमच वर सरकत असतील, तर माईव्हानचं काम. ॲल्युमिनियमच्या साच्यात (नानांना आवडेल, आमच्याकडेही साचे असतात) भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरतात. सगळं जुळून आलं तर सात-आठ दिवसांत एक मजला होतो. पण जुळून यायला कारागीर जागेवर हवेत. होळी आणि छठला अर्धी वसाहत गावी जाते, तेव्हा साच्यांनाही सुट्टी.

दुसरं, मोजायला सोपी खूण. उंच इमारतीत आग लागली तर लोकांनी थांबायचं म्हणून रेफ्यूज एरिया सोडावा लागतो. मुंबईत तो साधारण दर सात मजल्यांनी येतो. बाहेरून तिथे खिडक्या नसतात, नुसती काळी मोकळी खाच दिसते. एकेक मजला मोजत बसलात तर विसाव्यापाशी डोळा घसरणारच. खाचा मोजा आणि सातने गुणा.

तिसरं, तळाचा कोणता मजला दिसतो? पोडियम पार्किंग, म्हणजे तळाशी असलेले गाड्यांचे मजले, समोरच्या इमारतींच्या आड गेलं असेल तर ते तुमच्या मोजणीत आलेलंच नाही.

आणि नानांना विचारा, स्लॅब पडला हे त्यांना कळतं कशावरून?

पश्चिमखिडकी

ताई, कोअर आहे! तीन मजले नुसता कोअर, बाजूने सळया उभ्या. मी इतके महिने त्यालाच वरचा मजला समजत होतो.

खाचाही सापडल्या. पाच आहेत, झूम केल्यावर स्वच्छ दिसतात. पहिल्या खाचेच्या खाली तीन मजले. पहिलीपासून पाचवीपर्यंत सातचे चार टप्पे, म्हणजे २८. पाचव्या खाचेचा स्वतःचा एक आणि त्याच्यावर सहा. झाले ३८. वर तीनचा कोअर, म्हणजे माझे ४१ कुठून आले ते कळलं.

नानांना विचारलं. म्हणाले, "क्रेनच्या बाजूचा तो पाइपाचा हात हलायला लागला की भरणी. संध्याकाळी दिवे लावतात, उशिरापर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी वर पाणी मारतात." मग थोडं थांबून, "आणि क्रेन उंच झाली तरी कळतं."

सळई

पाइपाचा हात म्हणजे बूम प्लेसर, वर काँक्रीट ओतणारं यंत्र. शंभर टक्के बरोबर. नाना साइटवर आले तर आमचे दोन ज्युनियर घरी बसतील.

पण ते शेवटचं वाक्य गडबडीचं आहे. क्रेन उंच होते म्हणजे मजला झाला असं नव्हे. इमारतीला कॉलर बांधून क्रेनचा खांब मधूनमधून वाढवतात, एकदा वाढवला की पुढचे बरेच मजले तो पुरतो. त्या दिवशी स्लॅब भरलेला नसतो, उलट क्रेन अडकलेली असल्यामुळे बाकीचं काम मंदावतं. नानांनी क्रेन चढली त्या दिवशीही रेघ मारली असेल तर एक-दोन जास्त होणार. तुमचे रविवारचे फोटो आहेत ना? कॅलेंडरशी ताडून बघा.

नकाशेवाले_काका

चाळीस वर्षं नकाशे मंजुरीच्या कामात घालवली, दोन शब्द कागदांबद्दल.

महारेराचं ते ६२ टक्के तुम्ही बरोबर वाचलंत, बरेच जण चुकतात. तो आकडा अख्ख्या इमारतीचा नाही. पानावर पाया, प्लिंथ (जोतं), स्लॅब, भिंती-प्लास्टर, लिफ्ट असं प्रत्येक कामाचं वेगळं टक्केवारीचं कोष्टक असतं. स्लॅब ६२ टक्के असताना लिफ्ट शून्य असू शकते. घर घेणाऱ्यांनी तर हे कोष्टक तोंडपाठ करावं, माहितीपत्रकातल्या पोहण्याच्या तलावापेक्षा त्यात जास्त कळतं.

पण त्याची तारीख बघा. माहिती दर तीन महिन्यांनी भरतात. आज ५ ऑक्टोबर आहे, तर पानावर बहुधा ३० जूनची स्थिती असेल. मध्ये पावसाळा गेला हे खरं, पण काम काही थांबत नाही.

आता पोडियम. बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे. तो अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतो. त्यात तळघरं किती, पार्किंगचे मजले किती, राहते मजले किती, एकूण उंची किती, सगळं असतं. प्रकल्पाच्या नावाने शोधा. इमारत उभी कापून दाखवलेला नकाशा मिळाला तर सोनंच. तो खिडकीतल्या दृश्याशेजारी धरा, खालचे किती मजले झाकलेत ते लगेच कळेल.

आणि बोर्डावरचे ५८ हे कायमचे समजू नका. मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले वेगळे असतात, काम सुरू करायची परवानगीही टप्प्याटप्प्याने मिळते. उंचीला विमानतळवाल्यांचं ना-हरकत लागतं, आणि त्यात उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, रस्त्यापासून नाही. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन आठवतो? आधी ४४२ मीटर आणि ११७ मजल्यांचा म्हणून गाजला होता. उंचीची परवानगी मिळाली नाही, शेवटी २८० मीटरवर थांबला.

चहाबाज

म्हणजे नानांनी ११७ रेघांची तयारी केली असती तर फसले असते.

जुनीचाळ

काका, आम्हीही मोजायचो, पण आमचं मोजणं वेगळं होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतले आम्ही. पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीचे ५०० होणार, ४० मजली इमारतीत. बसमधून जाताना आई म्हणायची, बघ गं, आपला कितवा झाला. कितव्या मजल्यावर घर मिळणार हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येक मजला आपलाच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्यात आमचं नाव नाही, पुढच्या इमारतींची वाट बघतोय. आई अजून मोजते.

अवांतर झालं, क्षमस्व.

पश्चिमखिडकी

अजिबात अवांतर नाही. तुमच्या आईला आमच्या नानांचा नमस्कार सांगा.

टिपकागद

फोटोबद्दल. तुमची खिडकी पश्चिमेची, म्हणजे टॉवरची तुमच्याकडची बाजू पूर्वेची. सकाळी तिच्यावर थेट ऊन असतं, तेव्हाच काढा. दुपारनंतर सूर्य टॉवरच्या मागे जातो, सगळं काळं येतं आणि खाचा दिसत नाहीत. फोन हातात धरू नका. ग्रिलच्या एका चौकोनात एखादा लाकडी ठोकळा बांधून ठेवा आणि दर वेळी फोन त्याच्यावरच टेकवा. चौकट हलली नाही तर जुना आणि नवा फोटो एकावर एक ठेवून किती चढलं ते थेट दिसतं.

काच बसायला लागली की मात्र मोजणं अवघड होईल, मजल्यांच्या रेघा पुसल्या जातात. तोवर मोजून घ्या. बाहेरून माणसं-सामान नेणारी होइस्ट जिथे लावलेली असते, तेवढी उभी पट्टी शेवटपर्यंत उघडी राहते. पुढे त्या पट्टीत मोजा.

पश्चिमखिडकी

मंडळी, लागला हिशोब. तीन रात्री गेल्या, पण लागला.

परिवेशवर अर्ज सापडला, नकाशासकट. तळमजला, सात पार्किंग, त्यावर बागेचा एक मजला आणि ४९ राहते. एकूण ५८, बोर्डाशी जुळतं. नकाशा खिडकीत धरून बघितला. समोरच्या जुन्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरून मला दिसतो तो थेट सहावा पार्किंग. म्हणजे तळमजला आणि पाच पार्किंग, असे सहा मजले माझ्या फोटोत कधी आलेच नव्हते. ३८ आणि ६ मिळून ४४.

काकांनी सांगितल्याप्रमाणे महारेराच्या पानावरची तारीख बघितली, ३० जूनच आहे. तेव्हाचे ३६. मध्ये ९७ दिवस गेले. आठ मजले म्हणजे बारा दिवसांना एक. सळईताई, पावसाळ्यात कोअरवाल्या कामाला हा वेग पटतो का?

आता नाना. दोन्ही कॅलेंडरं मिळून रेघा २८. सुरुवात त्यांनी १८ पासून केली होती. हे १८ आणले कुठून, असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "पडायच्या आधी रोज त्याच रस्त्याने चालायला जायचो की. खालपासून मोजत आलोय." म्हणजे मला न दिसणारे सहा मजले त्यांनी रस्त्यावर उभं राहून मोजलेले होते, आणि मी त्यांना चष्मा बदला म्हणत होतो.

मग रेघा फोटोंशी ताडल्या. दोन आठवडे असे निघाले की फोटोत क्रेनचा खांब वाढलाय आणि वरचा स्लॅब जागच्या जागी. एक फेब्रुवारीत, एक जुलैत. त्या दोन्ही वेळी कॅलेंडरवर नानांची रेघ आहे. ४६ वजा २, ४४.

नानांना दाखवलं. फोनवरचे फोटो बराच वेळ पुढेमागे करत राहिले. मग खोडरबर मागितला आणि फेब्रुवारीची रेघ खोडली. जुलैची खोडेनात. म्हणे, त्या दिवशी पाइपाचा हात हलला होता, मी बघितलाय.

सळई

बारा दिवस पटतो, पावसाळ्यात चांगलाच म्हणायचा.

जुलैच्या रेघेचं मात्र नानांचं खरं असू शकतं. मोठा स्लॅब कधी कधी दोन भागांत भरतात, आज अर्धा, तीन-चार दिवसांनी उरलेला. त्या रेघेच्या आगेमागे चार दिवसांत दुसरी रेघ आहे का बघा. असेल तर हात हललाही असेल आणि मजला एकच.

पश्चिमखिडकी

आहे. तिसऱ्याच दिवशी.

नानांना सांगितलं. त्यांनी दोन्ही रेघा ठेवल्या आणि खालून एका कमानीने जोडल्या. काल रात्री समोर दिवे लागले होते, आज सकाळी वर पाणी मारत होते. ४५.