जुनी शिडाची बोट दुरुस्त करायचा खर्च परवडतो का?

गोदाकाठ_पैठण: पुण्यात एकजण जुनी एंटरप्राइज डिंगी (शिडाची छोटी उघडी बोट) 40 हजाराला द्यायलाय, 13 फुटी, प्लायवूडची, बरीच वर्षं शेडमधी पडून. तळाचा एक सांधा उघडलाय अन् तिथला प्लाय काळा पडलाय, ॲल्युमिनियमचा मास्ट म्हणजे शिडाचा खांब सरळ आहे, निळ्या शिडांची शिवण उसवलीय. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, शिडाची बोट चालवायची लई इच्छा आहे पण घरचे म्हणायलेत एवढ्यात सेकंडहँड गाडी येती. घेऊ का?

फायबरकाम_वाळूज: भाऊ आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. काळ्या जागी टोक दाबा, अन् सेंटरबोर्डची (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी) जी पेटी असती तिच्या बुडाशी पण दाबा. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं की लाकूड सडलंय समजा. हातभर तुकडा असंल तर कापून नवीन बसतो, पेटीच सडली असंल तर निम्मी बोट उघडावी लागंल, मग सरळ नाही म्हणा. प्लाय आयएस 710 शिक्क्याचाच (मरीन, म्हणजे बोटीचा प्लाय) घ्या, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून 303 चा साधा प्लाय गळ्यात मारतेत. चिकटवायचं रेझिन इपॉक्सीच घ्या, पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. अन् मे महिन्यात काम काढू नका, आपल्याकडच्या 42 डिग्रीत इपॉक्सी कालवलेल्या डब्यातच तापून घट्ट होतं.

वारा_परभणी: खरा खर्च शिडांचा. नवीन जोडी बोटीपेक्षा महाग पडू शकती. कापड अजून दमदार असंल तर उन्हाला टिकणाऱ्या दोऱ्यानं परत शिवून घ्या, हातानं टरकन फाटलं तर कापड उन्हानं मेलंय, मग भाव पाडा. मास्ट धरणाऱ्या वायरीवरून फडकं फिरवा, अडकलं म्हणजे तार तुटलीय, वायरी बदलायच्याच. बोट मात्र फार चांगली, जॅक होल्टचं 1956 चं डिझाइन, सेंटरबोर्ड वर उचलता येतो म्हणून नाथसागरासारख्या उथळ पाण्याला जमती. लाकूड धड असंल तर मी तर घेईनच.

पक्षीमित्र_संभाजीनगर: पैसे द्यायच्या आधी एक करा. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. वनखातं अन् पाटबंधारे दोघांनाही लेखी विचारा, उत्तर हातात येईस्तोवर टोकन देऊ नका.

गोदाकाठ_पैठण: अभयारण्याचं माहीत होतं, पण परवानगी आधी काढायची हे डोक्यातच नव्हतं आलं. उद्याच अर्ज देतो. रविवारी पुण्याला जाऊन पेटी दाबून बघतो, धड निघाली तर 25 हजारापासून बोलायला सुरुवात करतो. वाळूजवाले भाऊ, काळ्या प्लायचे फोटो टाकतो, तेवढं बघून सांगा.