कम्युनिटी कॉलेजात खेळाचे संघ हवेत कशाला?

कट्टेकरी
अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजांनी, खेळ बंद करून तो पैसा शिकवण्यात घालावा, असं मत इथे वरचेवर निघतं. मला ते पटत नाही. या कॉलेजांना प्रवेशाची गाळणी नाही. पोरं नोकरी सांभाळून एकदोन विषय घेतात आणि एक दिवस यायचीच थांबतात. संघात राहायचं तर हंगामात १२ युनिट, म्हणजे क्रेडिट, चालू हवीत. मध्येच एक विषय सोडून ११ झाली की खेळ बंद. कॅलिफोर्नियात दुसऱ्या हंगामाआधी २४ युनिट आणि ४ पैकी २.० सरासरी लागते. बाकावर बसायच्या धाकाने पोरगं सकाळी आठच्या गणिताला हजर असतं. अमेरिकन फुटबॉलमधल्या ॲरन रॉजर्सला मोठ्या विद्यापीठांनी विचारलं नाही, तो २००२ ला ब्यूट या कम्युनिटी कॉलेजात खेळला आणि तिथून बर्कली विद्यापीठात गेला.

हिशेबी
रॉजर्स लाखात एक. १२ युनिट कसली, ते बघा ना! प्रशिक्षकाला पोरगं पात्र ठेवायचं असतं, म्हणून वेट ट्रेनिंग, कंडिशनिंग, संघाचा तास असं भरत जातं. एनसीएएच्या, म्हणजे चार वर्षांच्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या, सर्वात वरच्या डिव्हिजन वनला जाताना व्यायामाच्या तासांची फार तर २ क्रेडिट धरतात. समजा ४८ क्रेडिटवर २.६ सरासरी आहे आणि त्यात व्यायामाची ८, सगळी ए, म्हणजे ४ पैकी ४. त्यातली ६ गळाली की ४२ वर उरते २.४. लागते २.५. दोन वर्षं घाम गाळून पोरगं दाराबाहेर.

कट्टेकरी
गणित बरोबर, पण दोष खेळाचा नाही, विषय निवडून देणाऱ्याचा. कॅलिफोर्नियात १२ पैकी ९ युनिट पदवीच्या, ट्रान्सफरच्या (चार वर्षांच्या कॉलेजात जाण्याच्या) किंवा विद्यार्थ्याच्या शैक्षणिक आराखड्यातली लागतातच. पहिल्याच सत्रात काउन्सेलरकडून आराखडा लिहून घ्यावा आणि कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरतात ते सांगणाऱ्या असिस्टच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषय ताडून बघावा. प्रशिक्षकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

हिशेबी
आणि पैसा? फुटबॉलची हेल्मेटं, बस, ट्रेनर, विमा...

मधली_सुट्टी
फुटबॉल महाग आहे, मान्य. पण सगळे खेळ एका मापाने मोजू नका. क्रॉसकंट्रीला बूट आणि बस पुरते. शिष्यवृत्तीचंही तसंच. एनजेसीएए या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या डिव्हिजन वनमध्ये राहण्या-जेवणासह सगळं देता येतं, टूमध्ये फी आणि पुस्तकं, थ्रीमध्ये खेळासाठी छदाम नाही. कॅलिफोर्नियात तर कुठल्याच संघात नाही. तिथल्या रहिवाशाला फी युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे १२ युनिटांचे ५५२. पोरगं फुकटच्या लोभाने येत नाही.

भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी मात्र जपावं. प्रवासाचे सामने आले की ऑनलाइन विषय घ्यायचा मोह होतो. व्हिसासाठी लागणाऱ्या १२ मध्ये ऑनलाइन एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरतात. १२ भरायला दुसराही ऑनलाइन घेतला तर खेळाआधी व्हिसाच अडकेल.

हिशेबी
मग फुटबॉल काढा आणि क्रॉसकंट्री ठेवा. एवढ्यापुरतं माझं भांडण नाही.