बी विंग : पॅसेजचे लाइट परत गेले आणि ओजसचा अ‍ॅम्प

नीलिमाताई (बी-४०३): नमस्कार. पॅसेजचे लाइट परत गेले. वरून जळका वास येतोय आणि मघापर्यंत भिंतीतून घूंऽऽ आवाज येत होता. सासूबाईंना दमा आहे. कोणीतरी प्लीज बघा.

अण्णा (ए-१०१): कॉमन सॉकेटवर खाजगी उपकरण लावायचं नाही, हे एजीएममध्ये ठरलंय. जबाबदार कोण?

ओजस (बी-५०२): ताई, बंद केलंय. वास ट्रान्सफॉर्मरचा आहे, खिडक्या उघडल्यात. गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प बनवतोय, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत होता म्हणून पॅसेजच्या सॉकेटवर लावून पाहिलं.

पराग (बी-३०१): मला वाटलं ट्यूबलाइट 😄

नीलिमाताई: परागदादा, इथे हसण्यासारखं काही नाही.

वसंतकाका (बी-२०१): ओजस, घरातला पडतो म्हणून बाहेरचा पाडायचा, ही कुठली पद्धत? ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय?

ओजस: प्रायमरी, म्हणजे मेनची बाजू, २२०. सेकंडरीला, म्हणजे बाहेर देणाऱ्या बाजूला, एक एचटी (हाय व्होल्टेज) वाइंडिंग, आणि ट्यूब आतून तापवणाऱ्या हीटरचं ६.३ व्होल्ट २ अँपिअर. दुकानदार म्हणाला पाच ट्यूबला आरामात चालेल.

वसंतकाका: ट्यूब कुठल्या?

ओजस: दोन ईएल८४, तीन १२एएक्स७.

वसंतकाका: मग बेरीज कर की. ईएल८४ चा हीटर ०.७६ अँपिअर, दोनचे १.५२. १२एएक्स७ चा ६.३ वर ०.३, तीनचे ०.९. झाले २.४२. दोनच्या वाइंडिंगवर एवढं लादलंस तर वार्निश भाजणारच. तीनचं चाललं असतं, पण बंद डब्यात, त्यात आपला उन्हाळा. चारचं घे. दुकानदार ट्यूब मोजतो, आपण अँपिअर मोजायचे.

अण्णा: कॉमन सॉकेटवर खाजगी उपकरण लावायचं नाही, हे एजीएममध्ये ठरलंय. जबाबदार कोण?

सचिव: अण्णा, आपला मुद्दा नोंदवला आहे. कृपया सर्वांनी संयम ठेवावा 🙏

ओजस: पण काका, मीटरवर हीटरला ७.७ येत होते. लोड जास्त असता तर कमी नको का?

वसंतकाका: ट्यूब लावून मोजलेस का काढून?

ओजस: काढून.

वसंतकाका: रिकाम्या वाइंडिंगचं रीडिंग धरायचंच नाही. लोड नसला की ते फुगलेलंच दिसतं. आणि सॉकेटला आत्ता किती आहेत?

ओजस: २४६.

वसंतकाका: बघ. २२० च्या प्रायमरीला २४६ दिलेस. ६.३ चे तिथेच ७.० झाले. ट्यूबला १० टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. वर गेलं की ट्यूबचं आयुष्य घटतं. शिवाय कोअरवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यावर, १२ टक्के जास्तीचा ताण, नीलिमाला ऐकू आला तो घूं त्याचाच. रात्री एसी बंद झाले की आपल्याकडे व्होल्टेज चढतं. प्रायमरीला २३० आणि २४० दोन्ही टॅप (जोडायची टोकं) मागून घे.

सुनील (सी-६०४): काका, विषय निघालाच आहे म्हणून. भाच्याने न्यू जर्सीहून अ‍ॅम्प आणलाय, ११७ व्होल्टचा. स्टेपडाउन लावला की झालं ना?

वसंतकाका: मागच्या प्लेटवर ५०/६० सायकल (हर्ट्झ) लिहिलंय का बघ. नुसतं ६० असेल तर लावू नकोस. स्टेपडाउन व्होल्ट उतरवतो, सायकल नाही. ५० वर कोअरला २० टक्के जास्त फ्लक्स (चुंबकत्व) सोसावा लागतो.

पराग: मग ओजसने टू-पिन लावायची. अर्थच नाही तर आरसीसीबी कशाला पडतोय?

वसंतकाका: पराग, हे गमतीतसुद्धा या ग्रुपवर लिहू नकोस. इथे पोरं वाचतात. आरसीसीबी पडतोय म्हणजे प्रायमरीचा करंट कोअरमधून अर्थला जातोय. अर्थ काढलीस तर तोच करंट गिटारची तार धरलेल्या हातातून जाईल. ओजस, गार असताना चालतो आणि तापल्यावर पडतो, असंच ना?

ओजस: हो, साधारण २० मिनिटांनी.

वसंतकाका: म्हणजे इन्सुलेशन भाजलंय. तो ट्रान्सफॉर्मर परत लावायचा नाही. भंगारात.

अण्णा: कॉमन सॉकेटवर खाजगी उपकरण लावायचं नाही, हे एजीएममध्ये

नीलिमाताई: अण्णा, तुमची स्कूटर पार्किंगमध्ये कुठल्या सॉकेटवर चार्ज होते?

अण्णा: त्याचे मी महिन्याला पैसे देतो. रजिस्टरमध्ये आहे. विषय भरकटवू नका.

पराग: रजिस्टर कोणी पाहिलंय?

सचिव: कृपया. रजिस्टर ऑफिसात उपलब्ध आहे, वेळ ११ ते १.

ओजस: काका, नवा आणला तर आधी काय काय बघू?

वसंतकाका: आधी सगळ्या सेकंडरी मोकळ्या ठेवून प्रायमरीला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, भगभगीत पेटला तर आत शॉर्ट आहे, दुकानात परत. मग प्लग काढून प्रायमरी आणि कोअरमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). नंतर हीटरच्या वाइंडिंगवर ट्यूबऐवजी २.७ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर, विटेवर ठेवून. त्यातून २.३ अँपिअर जातात, जवळजवळ तुझाच लोड. तास-दीड तास चालू दे आणि व्होल्ट तेव्हा मोज. प्रायमरीचा रेझिस्टन्स गार असताना लिहून ठेव. प्लग काढल्या काढल्या परत घे. २४ चा २७ झाला तर तापमान ३२ अंशांनी वाढलं. तापलेलं असतानाच परत मेगर. तिथे पास झाला तरच चासीत (अ‍ॅम्पच्या धातूच्या डब्यात) जाईल.

ओजस: आणि स्पीकरमधला हम (घुमणारा आवाज)? व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी येतो.

वसंतकाका: ५० सायकलचा जाड हम असेल तर संशय हीटरवर. हीटरच्या वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन कडेकडेने ने. वाइंडिंगला सेंटर टॅप (मधलं टोक) असेल तर तो चासीला. नसेल तर दोन्ही टोकांकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर चासीला. दोन्ही उपाय एकदम नकोत. हम १०० सायकलचा असेल तर एचटीचे फिल्टर कपॅसिटर बघ, पण ते एकटा असताना उघडायचं नाही. प्लग काढला तरी त्यात ३०० व्होल्ट बसलेले असतात.

नीलिमाताई: काका, हे ३०० व्होल्ट आमच्या डोक्यावर आहेत का?

वसंतकाका: नीलिमा, आता डबा बंद आहे, प्लग काढलाय. वास तासाभरात जाईल. सासूबाईंना तोवर पुढच्या खोलीत बसव.

अण्णा: जबाबदार कोण, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ओजस: अण्णा, मी. वायरमनचं बिल मी देतो. पुन्हा पॅसेजला लावणार नाही.

सचिव: धन्यवाद ओजस. वायरमन उद्या ९ वाजता येईल. बी विंगने पॅसेजमधल्या सायकली हलवाव्यात.

पराग: सायकली आमच्या नाहीत, सी विंगच्या आहेत.

सुनील: पुराव्याशिवाय बोलू नये.

वसंतकाका: ओजस, रविवारी १० वाजता नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन माझ्याकडे ये. मेगर आहे माझ्याकडे. रेझिस्टर आणि पिवळा बल्ब तू आण, एलईडी चालणार नाही.